चार नंबरचं पिंप

आमच्या घरात दारू गाळली जायची आणि घरातलं कुणीही दारू पीत नव्हतं. हे मी आयुष्यात इतक्या लोकांना सांगितलं आणि त्यातल्या इतक्यांनी ऐकून डोळा मिचकावला, की पुढे पुढे मी सांगायचंच सोडून दिलं. लिहायला मात्र हरकत नाही. कागद डोळा मिचकावत नाही.

आमचं गाव तासगावच्या अलीकडे, द्राक्षांच्या पट्ट्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून घरी आले आणि बागेच्या मागे लागले. एका साली द्राक्षं उतरायच्या बेताला असताना अवकाळी झोडपून गेला. मणी तडकले, उरलेल्याचा बेदाणा घातला तर तो काळा पडला. आप्पा ओसरीवर तो काळा बेदाणा पसरून त्याच्याकडे नुसते बघत बसायचे. त्याच सुमारास गावच्या जत्रेला माझा सदामामा आला. मामा मूळचा विट्याकडचा. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्याला आमच्याकडे गलाई म्हणतात, आणि तिकडची माणसं ती गलाई घेऊन देशभर पसरलेली आहेत. मामाचं दुकान कोचीनला, बंदराजवळ. त्यानं बेदाण्याची मूठ उचलली, तोंडात टाकली आणि म्हणाला, "दाजी, परदेशात ह्या द्राक्षाची ब्रँडी करत्यात. लाकडाच्या पिंपात वर्सानुवर्सं ठिवत्यात. जितकी जुनी तितका भाव. सडलं, तडकलं काय बी चालतंय तिला."

आप्पांचे डोळे चमकले. आईचेही चमकले, पण निराळ्या कारणानं. फौजेतली रम घेऊन आप्पा सुट्टीवर आले की काय काय व्हायचं ते तिनं पाहिलेलं होतं. ती तेव्हा भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "करा. पण ह्या घरातल्या कुठल्या बी पुरुषानं त्यातला थेंब तोंडाला लावायचा न्हाई. माझ्या डोक्यावर हात ठिवा आन सांगा." आप्पांनी हात ठेवला. मग तिनं मामालाही पाटावरनं उठवलं. तो म्हणाला, "अक्का, मी तर पावणा हाय." ती म्हणाली, "पावणा असशील, पण पुरुष हायस न्हवं?" मामानंही हात ठेवला. कोचीनला तो काय करायचा ते आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या शिवेच्या आत मात्र तो शपथेला जागला.

परवान्यासाठी आप्पांनी किती हेलपाटे घातले ते मी लिहीत नाही. वाचणाऱ्यालाही चपला झिजल्यासारखं वाटेल. शेवटी परवाना आला, तांब्याचा भला मोठा हंडा आला, आणि मामानं कोचीनहून ओकच्या लाकडाची सहा जुनी पिंपं पाठवली. गावात त्या लाकडाला सगळे 'वक' म्हणायला लागले. "हवालदाराकडं वकाची पिंपं आल्यात" असं म्हणत लोक बघायला यायचे आणि पिंपावर थापट्या मारून जायचे, म्हैस विकत घेताना मारतात तशा.

गोदामाची आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. द्राक्षांचा रस आंबायला लागला की भिंतीपलीकडून आवाज यायचा. सुरुवातीला बारीक फुसफुस, आणि मग जेवून झाल्यावर कुणी म्हातारं माणूस ओठ चाटत बसावं तसला. आई त्या आवाजाला 'त्यो' म्हणायची. "आज त्यो लय बोलतोय, ऊन वाढलं वाटतं." हंडा चढला की वास घरभर. पिठात वास, उशीत वास, माझ्या वहीपुस्तकांत वास. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात केमिस्ट्री शिकत होते आणि एस्टीनं जाऊन-येऊन करायची. माझ्या शेजारी बसलेलं माणूस दोन-तीनदा नाक वर करायचं, माझ्याकडे बघायचं आणि पुढच्या स्टॉपला जागा बदलायचं. त्यामुळे कॉलेजची सगळी वर्षं मला खिडकी मिळाली.

सरकारी नियमाप्रमाणे गोदामाला दोन कुलपं होती. एक किल्ली आप्पांकडे, दुसरी नेमून दिलेल्या सरकारी साहेबांकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. आमच्या वाट्याला आलेले जोगळेकर साहेब वाईचे. अत्यंत सरळ आणि अत्यंत पित्तप्रकृतीचे. सर्दी त्यांना बारमाही. मे महिन्यातसुद्धा मफलर. आईनं त्यांच्यासाठी बिनतिखटाची आमटी निराळी काढायला सुरुवात केली तेव्हाच ते घरचे झाले. त्यांचं काम म्हणजे पिंपात पट्टी घालून माल मोजायचा. दर वेळी तो थोडा कमी भरायचा. लाकडातून थोडी ब्रँडी हवेत उडून जाते, तेवढी तूट कायद्यालाही मंजूर असते. पण साहेबांच्या जिवाला ते लागायचं.

"आप्पा, पुन्हा कमी."

"साहेब, लाकूड पितंय ते."

"लाकूड पितं असं मी वर कसं कळवू?"

आई भिंतीअलीकडून म्हणायची, "एवढ्या घरात लाकूडच तेवढं पितंय. पिऊ दे की बापड्याला."

खरी अडचण तीन वर्षांनी उभी राहिली. पिंपातली ब्रँडी तयार झाली असावी असा सगळ्यांचा अंदाज होता, पण ती चांगली झालीय की वाईट हे सांगणार कोण? चाखायची तर शपथ आडवी. नुसता वास घेऊन ठरवावं, तर आप्पांचं नाक फौजेतल्या तपकिरीनं कामातून गेलेलं, मामाचं गलाईच्या तेजाबाच्या धुरानं जळालेलं, आणि साहेबांचं सर्दीनं चोंदलेलं. आमच्या कारखान्यात तीन कर्ती नाकं होती आणि तिन्ही बंद.

मग आप्पांनी गावातल्या जाणकाराला बोलावलं. बापूतात्या. पंचक्रोशीत त्यांच्याइतका अनुभव कुणाचा नव्हता. आप्पांनी पहिल्या पिंपातली वाटीभर दिली. तात्यांनी डोळे मिटले. "लय भारी." दुसऱ्यातली दिली. "ही बी लय भारी." तिसऱ्याला त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला आणि फौजेची, देशाची, आप्पांच्या दिवंगत वडिलांची स्तुती केली. आप्पांना शंका आली. त्यांनी आत येऊन सकाळचा उरलेला कोरा चहा वाटीत ओतला आणि नेऊन दिला. तात्यांनी तो एका घोटात संपवला, जरा विचार केला आणि म्हणाले, "भारीच हाय गड्या. पर जरा कवळी वाटती. आनि एक वरीस ठिव."

त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. मी ताट वाढून बसले होते. मला एकदम सुचलं आणि मी बोलून गेले, "आई, तू शपथ पुरुषांना घातलीस."

"व्हय. मग?"

"मी कुठं पुरुष आहे?"

आईच्या हातातली पळी आमटीतच राहिली. आप्पांनी मान वर केली. मला वास चटकन कळतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दूध नासायच्या आदल्या दिवशी मी सांगायची, म्हणून आई मला 'मांजर' म्हणायची. पण पोरीच्या जातीनं दारू चाखायची, ही गोष्ट आमच्या गावात त्याआधी कुणी मनातसुद्धा आणली नसेल. आईनं पळी बाहेर काढून माझ्यावर रोखली. म्हणाली, "तोंडात घ्यायची आन थुकायची. घोट खाली गेला तर माझ्याशी गाठ हाय. आन सुमे, ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

आता माझी नात आमच्या गोदामात पर्यटकांना फिरवते. काळा कोट घालते, हातात नाजूक ग्लास असतो. "तुम्हाला व्हॅनिला जाणवतोय का?" असं विचारते, आणि पुण्यामुंबईची माणसं डोळे मिटून जाणवतोय म्हणतात. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा मोरीवर उकिडवी बसले होते, शेजारी आई पाण्याचा तांब्या घेऊन पहाऱ्याला उभी होती, आणि दर चुळीनंतर विचारत होती, "थुकलीस? आ कर बघू."

आप्पा जोगळेकर साहेबांच्या समक्ष एकेका पिंपातला नमुना बाटलीत काढून आणायचे. मी चाखून सांगायची. सांगायची म्हणजे काय, एक नंबर गोड, दोन नंबर जरा उग्र, पाच नंबर फार सुंदर, इतपतच. चार नंबरचं बूच फुगून घट्ट बसलं होतं, म्हणून त्याचा नमुना तेवढा राहिला होता. आप्पांनी ठरवलं होतं की सहाही पिंपं एका मोठ्या टाकीत एकत्र करायची आणि पहिल्या बाटल्या भरायच्या. साहेब दुसऱ्या दिवसापासून लांब रजेवर जाणार होते, मामा चार दिवसांसाठी कोचीनहून आला होता, तेव्हा दिवस पक्का झाला. आणि मामानं, एका तिकिटात दोन कामं व्हावीत म्हणून, त्याच दुपारी मला बघायला साताऱ्याची पाहुणे मंडळी बोलावून ठेवली. मुलगा डॉक्टर होता. मामानं एवढंच सांगितलं होतं. कसला डॉक्टर ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. डॉक्टर म्हटल्यावर पुढचं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

त्या सकाळी एकदाचं चार नंबरचं बूच हललं आणि आप्पांनी नमुना आणून दिला. मी तोंडात घेतला आणि लगेच थुंकले. ओलं पोतं. पावसात भिजून कोपऱ्यात महिनाभर पडलेलं पोतं कसं वास मारतं, तस्सं. केमिस्ट्रीची विद्यार्थिनी म्हणून नव्हे, पण स्वयंपाकघरात वाढलेली म्हणून मला एवढं कळत होतं की नासक्या दुधाचा एक पेला चांगल्या दुधात ओतला की सगळं पातेलं जातं. आप्पांना सांगायला मी वळते, तोच मामा ओरडत आला, "आले! पावणे लवकर आले!" आईनं माझा दंड धरला.

"आई, ते चार नंबर..."

"चार नंबर गेला खड्ड्यात. तोंड पूस आदी."

माझ्या तोंडाला वास येत होता. आईनं वेलदोडा दिला, पेरूची पानं चघळायला लावली, बडीशेप दिली. या सगळ्यांचा मिळून असा काही वास तयार झाला की नुसती ब्रँडी बरी होती. शेवटी तिनं लवंगेच्या तेलाचा बोळा माझ्या दाढेत कोंबला आणि मला साडी नेसवून, डोक्यावर पदर देऊन, पोह्यांच्या बशा हातात देऊन बाहेर ढकललं.

बाहेर मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या अशी तिघं होती. वडील फौजेतलेच निघाले, त्यामुळे आप्पांची आणि त्यांची आधीच पलटणींवरून ओळख पटली होती. कारभार सगळा आत्याबाईंकडे दिसत होता. मी वाकून बशी पुढे केली तशी त्यांची नाकपुडी हलली.

"कसला वास येतोय हो?"

आई दारातून म्हणाली, "लवंगाचं त्याल घातलंय. दाढ दुखतीया पोरीची. कालपासनं जेवली न्हाई."

आत्याबाईंचा चेहरा उजळला. "अगंबाई! मग बरंच झालं की. आमचा शेखर दातांचाच डॉक्टर आहे. शेखर, बघ रे जरा."

मामा छताकडे बघायला लागला. शेखर बिचारा लाजाळू होता. नको नको म्हणत होता, पण आत्याबाईंनी माझी खुर्ची त्याच्या समोर सरकवली, त्याच्या वडिलांनी टॉर्च काढून दिला आणि पाच-सहा माणसांच्या देखत मी तोंड उघडून बसले. त्यानं बोळा काढला, टॉर्च मारला, बोटानं दाढ चाचपली. आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं. दंतवैद्याचं नाक बंद नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं आणि तो काही बोलला नाही, हे मी आजही त्याच्या जमेला धरते.

नेमक्या त्याच वेळी मफलर सावरत जोगळेकर साहेब दारात आले. "आप्पा, माझी गाडी चुकायची. तीन पिंपं टाकीत गेली. चौथ्याला हात घालतोय, एवढं हो म्हणा."

चार नंबरचा निकाल ऐकायचा राहिलाय हे विसरून आप्पांनी बसल्या जागेवरून हात हलवला. "व्हय, व्हय, ओता."

मी ओरडले. पण उघड्या तोंडानं, आत बोट असताना ओरडलं की 'आ' सोडून दुसरं काही निघत नाही.

"दुखतंय का?" शेखरनं विचारलं.

भिंतीपलीकडे बुचावर हातोडी वाजली. ठक, ठक. मी बोलायला तोंड मिटलं. बोट आतच राहिलं होतं.

तो बिचारा किंचाळला, बशी पालथी झाली, आणि मी काठापदराची साडी गुडघ्यापर्यंत धरून अंगणातून धावत सुटले. मागून आप्पा, मामा, आई, आत्याबाई, वडील आणि बोट धरलेला शेखर. गोदामात गडी चार नंबरचं पिंप टाकीकडे कलतं करत होते. मी पिंपावर आडवी पडले.

"हे ओतायचं नाही!"

"का?" साहेब म्हणाले.

"ह्याला ओल्या पोत्याचा वास आहे. तिन्ही पिंपांची घाण होईल."

आप्पा दम लागून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे, मग टाकीकडे. टाकीत तीन वर्षं होती. माझ्यावर विश्वास ठेवायचा तर 'तुला कसं माहीत' या प्रश्नाचं उत्तर साताऱ्याच्या पाहुण्यांसमोर द्यायला लागणार होतं. मला फौजी माणसाची इतकी वाईट अवस्था झालेली त्यानंतर कधी दिसली नाही. ते पुटपुटले, "पोरीला... लांबनंच वास येतो जरा..."

"मांजर आहे का?" आत्याबाई म्हणाल्या.

तेव्हा आई पुढे झाली. आमच्या कारखान्याचा उंबरा ती आयुष्यात पहिल्यांदा ओलांडत होती. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि आत्याबाईंकडे बघून सांगितलं, "लांबनं न्हाई. चाखती ती. मीच सांगितलंय तिला चाखायला. आमच्यात पुरुषांनी शपथ घेतलीया, म्हणून पोरगी चाखती आन थुकती. दाढबिढ काय दुखत न्हाई तिची, मी खोटं बोलले. ती न्हाई म्हणती तर ते पिंप खराबच हाय." मग गड्यांकडे वळून, "सरळ करा रं ते. बघत काय उभं ऱ्हायलाय?"

गड्यांनी पिंप सरळ केलं. मामा पिंपाभोवती फिरून खाली बघत म्हणाला, "हे पिंप बंदरावर एक पावसाळा उघडंच पडलं होतं खरं." हे त्याला तीन वर्षांनी आठवलं. शेखरनं वाकून बुचापाशी वास घेतला आणि हळूच म्हणाला, "पोतंच आहे." त्याच्या बोटातून रक्त येत होतं. त्याच्या वडिलांनी बोट धरलं, सरळ पाच नंबरच्या नमुन्याच्या बाटलीत बुडवलं आणि मग आपलं स्वतःचं बोटही बुडवून चाटलं. "वा!" ते म्हणाले. आत्याबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. साहेब कपाळाला हात लावून बसले. "लाकूड प्यायलं इथवर ठीक होतं. आता दातांचा डॉक्टर मी वर कसा दाखवू?"

साताऱ्याचा निरोप आठवड्याभरानं मामाकडून आला. आत्याबाईंनी दारूबद्दल चकार शब्द काढला नव्हता. 'मुलगी चावते' एवढंच कळवलं होतं. आप्पा आधी संतापले, मग हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. त्या निरोपामुळे आणखी दोन-तीन स्थळं परस्पर मागे फिरली. माझं लग्न पुढे झालं, चांगल्या माणसाशी झालं आणि त्याला मी कधी चावले नाही. पण त्याआधी ती पाच पिंपं माझ्या हातून एक झाली, आणि पहिली बाटली भरताना आप्पांनी बूच माझ्याकडून बसवून घेतलं. चार नंबरमधला माल साहेबांच्या जागी दुसरे साहेब आल्यावर नियमाप्रमाणे ओतून टाकला.

निरोप आला त्या दुपारची गोष्ट मला जास्त आठवते. मला वाटलं आई रडेल. माझ्या लग्नाची सगळ्यात घाई तिलाच होती. ती चुलीपुढे रवा भाजत होती. उलथनं फिरवता फिरवता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सुमे, कशी लागती गं ती?"

"कोण?"

"तीच की. ब्रँडी. तीन वर्सं भिंतीपल्याड हाय, आन मला ठावं न्हाई कशी लागती."

 मी फडताळातले डबेच काढायला लागले. मनुका तिच्या हातावर ठेवल्या. "आधी ही येते." गुळाचा खडा दिला. "मग हा, पण पाक करपायच्या जरा आधी जसा वास सुटतो तसा." जायफळ उगाळायला लागेल म्हणून नुसतं नाकाशी धरलं. शेवटी मुठीत भाजक्या शेंगदाण्यांची सालं घेऊन फुंकर मारली. "आणि सगळ्यात शेवटी हे." आईनं एकेक जिन्नस हुंगला, डोळे मिटून, इतकं मन लावून की रवा लागायची वेळ आली.

"आन हे समदं एका घोटात?"

"एका घोटात."

तिनं डोळे उघडले, ओट्यावर मांडलेल्या डब्यांकडे बघितलं आणि भिंतीकडे बघितलं.

"मग एवढी आटाटी करून, दोन दोन कुलपं घालून पीत कशाला बसत्यात लोकं?" ती म्हणाली. "सरळ शिरा खावा की." आणि हातातल्या मनुका तिनं कढईत टाकल्या.